ओळंब्यात न बसलेली रायफल

चॅलिस, १४ जून

लाडके इदोया,

फोन करत नाही, कारण फोनवर तू काय बोलतेस ते मला ऐकू येत नाही आणि मग मी सगळ्यालाच 'हो' म्हणते. मागच्या वेळी असंच 'हो हो' करता करता तुझं मांजर सांभाळायचं कबूल करून बसले. (मांजर मजेत आहे. कोकरांसाठीच्या दुधावर फुगलंय.)

बातमी ऐक आणि खुर्चीत बसून ऐक. सोडतीत माझं नाव निघालं! रानमेंढ्याच्या शिकारीचा परवाना. तुझ्या काकानं मरेपर्यंत दर वर्षी अर्ज केला, त्याचं नाव कधी निघालं नाही. तो गेल्यावर मी नुसत्या सवयीनं माझं नाव टाकत राहिले, आणि यंदा पाकीट आलं. हा परवाना माणसाला आयुष्यात एकदाच मिळतो. यंदा चुकलं की संपलं.

शेजारचा हार्लन पगमायर म्हणाला, "मेंढपाळाच्या घरात अजून एक मेंढा? तुमच्या कुरणात काय कमी आहेत?" मी म्हटलं, "ते माझे आहेत. हा डोंगराचा आहे, डोंगरावर जाऊन मागावा लागतो."

पण खांदा. गेल्या वर्षी डचेसनं, म्हणजे आमच्या खेचरानं, मला फेकलं, तेव्हा आत धातूची पट्टी बसवली ते तुला माहीत आहेच. डॉक्टर म्हणतो मोठ्या रायफलचा धक्का या खांद्यानं घ्यायचा नाही. हार्लननं त्याच्या नातीची हलकी रायफल देऊ केली. त्या दिवशी मी त्याला कॉफी दिली नाही.

मी जाईन तर मार्टिनच्या रायफलनं जाईन. आमचं लग्न झालं त्या हिवाळ्यात त्यानं ती माझ्यासाठी बनवली. सगळ्या दरीला त्यानं बंदूक धरायला शिकवलं, खांदा असा, कोपर तसा. रायफल हातात देताना मला एकटीला म्हणाला, "तुला मी काही शिकवणार नाही, ग्रासी. जशी धरतेस तशीच धर." असं कौतुक त्यानं दुसऱ्या कोणाचं केलेलं मी ऐकलं नाही. मी रायफल कुंपणाच्या खांबासारखी सरळ धरते, हे त्याच्यासारख्या माणसानं मान्य केलं म्हणजे झालं.

नळीच्या तोंडावर ते ब्रेक बसवतात ना, ज्यानं धक्का निम्म्यावर येतो? काका त्याला भोंगा म्हणायचा, ते राहू दे. तू आता लुइस्टनच्या कारखान्यात हेच काम करतेस. माझा खांदा आणि काकाची रायफल, या दोघांचं जमवून दे. हार्लन खेचर विकायला तिकडे येतोय, त्याच्याबरोबर रायफल पाठवते.

तुझी काकू
ग्रासियाना


लुइस्टन, २७ जून

प्रिय काकू,

रायफल मिळाली. हार्लनकाकांनी ती घोंगडीत अशी गुंडाळून आणली होती की आत बाळ आहे असं वाटावं. उघडली तर सगळे आपापलं काम सोडून भोवती गोळा झाले. आमचे मालक डेल यांनी दस्त्यावरून हात फिरवला, काकाचा हात ओळखला आणि म्हणाले, "उरुतियाचं काम. हे मी करतो, तू बघ." मी म्हटलं, "नाही. हे उरुतियाच करेल." आणि कोणी काही म्हणायच्या आत रायफल उचलून माझ्या टेबलावर नेली.

तुला नीट सांगते, म्हणजे मागाहून वाईट वाटायला नको. गोळी सुटली की मागून जो धूर-वायू येतो, तो ब्रेकच्या भोकांतून दोन्ही कुशींना फेकला जातो आणि रायफलला पुढे ओढून धरतो. म्हणून खांद्याला कमी बसतं. पण आवाज! काका भोंगा म्हणायचा ते उगाच नाही. तुझे कान जेवढे उरलेत तेवढे जपायचे, हार्लनकाकांनीही कानांवर टोप्या घालायच्या. आणि ब्रेक बसवायला नळीच्या तोंडावर आटे पाडावे लागतात. काकाच्या नळीवर. एकदा कापलं की परत नाही.

मी लहान असताना काका मला लेथपाशी उभी करायचा आणि हात मागे बांधायला लावायचा. बघायचं, शिवायचं नाही. आता त्याच्याच नळीला हत्यार लावायचं. तू लिहिलंस की सुरुवात करीन. लिहिलं नाहीस तर नाही.

तुझी
इदोया


चॅलिस, २ जुलै

इदोया,

काप.

काकू

(काकानं हात मागे बांधायला लावले ते बोटं जपायला. कशासाठी जपली असतील?)


लुइस्टन, २० जुलै

प्रिय काकू,

झालं! रायफल ट्रकनं पाठवलीय, या पत्राच्या आधीच पोचेल बहुतेक.

तुला सगळं सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही, कंटाळलीस तर मांजराला वाचून दाखव. नळीची बाहेरची गोलाई आणि आतलं भोक, या दोघांचा मध्य कधीच एक नसतो. केसभर तरी फरक असतो. आटे बाहेरच्या गोलाईला धरून पाडले तर ब्रेक किंचित तिरका बसतो आणि जाता जाता गोळी त्याच्या कडेला घासते. म्हणून मी आतल्या भोकालाच मान दिला. मापकाचा काटा हलायचा थांबेपर्यंत लेथवर नळी चारी बाजूंनी चिमटत, सैल करत बसले. डेल दोनदा येऊन "अजून?" म्हणून गेले. मग आटे पाडले. ब्रेक बोटांनी फिरवला तर लोण्यातून सुरी जावी तसा गेला. नळीतून सरळ सळई घातली, ती ब्रेकच्या भोकाच्या अगदी मधून बाहेर आली, भोवती सगळीकडून सारखा उजेड.

मग जुळवणी. ब्रेकला भोकं आहेत ती दोन्ही कुशींना आणि थोडी वर. खाली एकही नाही, म्हणजे जमिनीवर पालथं पडून बार काढला तरी धूळ उडत नाही. पण त्यासाठी ब्रेक घट्ट आवळल्यावर बरोबर त्याच जागी थांबला पाहिजे. पहिल्यांदा अलीकडेच थांबला. त्याचा मागचा खांदा, म्हणजे नळीला टेकणारी कड, लेथवर इतकासा उतरवायचा, आवळून बघायचा, पुन्हा उतरवायचा. हे काम जोरानं होत नाही. शेवटी रायफलच्या पाठीवर पाणसळ ठेवली, ब्रेकवर दुसरी ठेवली. दोन्ही बुडबुडे मधोमध. डेल त्यांची स्वतःची कॉफी माझ्यापुढे ठेवून गेले.

रायफलवरची दुर्बीण काढावी लागली होती. ती परत बसवताना एक बारीकशी गोष्ट सरळ करून टाकली, सांगण्यासारखं काही नाही. नेम मात्र तुला पुन्हा जुळवून घ्यावा लागेल.

काकू, मी कधी स्वतःच्या कामाची फुशारकी मारत नाही. आज मारते.

तुझी
इदोया


चॅलिस, ९ ऑगस्ट

लाडके इदोया,

पहिला बार काढला आणि मी थांबून राहिले. धक्का येईल म्हणून दात आवळले होते, तो आलाच नाही! कोणी दारावर टकटक करून निघून जावं, इतकंच. खांद्यातली पट्टी हूं की चूं नाही. कुत्रा मात्र ट्रकखाली शिरला तो जेवायलाच बाहेर आला. हार्लन कानावर टोप्या घालून पन्नास पावलं मागे उभा, तरी म्हणाला, "बाई, हा भोंगा नाही, ही रेल्वे आहे."

दाणे आणायला दुकानात गेले, तिथे रायफल घेऊनच गेले. सगळ्यांना दाखवली. एकानं विचारलं, कुठल्या कारखान्याचं काम? म्हटलं, आमच्या घरचं. मार्टिनची पुतणी. पुढे त्यांनी विचारलं नव्हतं तरी मी ते भोक आणि गोलाईचं सगळं सांगितलं. चुकीचं सांगितलं असेन, पण ठासून सांगितलं.

जवळच्या नेमाच्या पाटीवर तिन्ही गोळ्या चिकटून पडल्या. लांबचं अजून केलं नाही. एक सांगायचं, बार काढला की डाव्या बाजूनं थोडी धूळ उडते आणि मेली डोळ्यांत जाते. पालथं पडण्याची जागाच बहुतेक भुसभुशीत असेल.

तुझी काकू


लुइस्टन, १६ ऑगस्ट

प्रिय काकू,

तुझं पत्र मी कारखान्यात मोठ्यानं वाचलं. रेल्वेचं वाचल्यावर डेलनी ते कापून भिंतीवर लावायचं ठरवलं, मी दिलं नाही.

पण धूळ कशी उडते? खाली भोकच नाही. आणि डाव्याच बाजूला? उजवीकडे नाही? ब्रेक सैल तर झाला नाही ना? त्यावर मी बारीक खूण कोरलीय, ती नळीवरच्या रेघेला जुळतेय का बघ.

आणि लांबचं का नाही केलं? तू तर नदीपलीकडच्या लोखंडी पाटीवर रोज सकाळी नाश्त्याआधी टण्ण करतेस असं काका सांगायचा. हंगाम दाराशी आलाय. लपवू नकोस हं काही.

तुझी
इदोया


चॅलिस, २८ ऑगस्ट

इदोया,

खूण रेघेला जुळते. तुझ्या कामात खोट नाही, हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचून तू स्वतःला लावून घेणार नाहीस.

लांबचं मी केलं होतं. पहिल्याच दिवशी केलं होतं. नदीपलीकडची पाटी एकदाही वाजली नाही. गोळी दर वेळी डावीकडे आणि खाली जाते. जवळ ठीक, जसजसं लांब जावं तसतशी जास्त.

पण मला भीती त्याची वाटत नाही. दुर्बिणीतली फुली मला तिरकी दिसते. उभी रेघ कुंपणाच्या मोडक्या खांबासारखी कलते. रायफल वळवून ती सरळ केली की हात अवघडतो, खांदा ओरडतो आणि नेम आणखी बिघडतो. डोळा मिटून उघडला तरी तसंच.

तुला ठाऊक नसेल, माझी आई अंथरुणाला खिळली त्याच्या आधी तिला दाराची चौकट तिरकी दिसायला लागली होती. ती रोज म्हणायची, कोणीतरी घर हलवलं. आम्ही हसायचो.

हार्लन आज सकाळी माझ्या मागे उभा होता. म्हणाला, "ग्रासी, तुझी रायफल कलतेय. डावीकडे. कुंपणावर रेललेल्या गड्यासारखी." मी त्याला म्हटलं, "मार्टिननं अख्ख्या दरीत जिला एकटीला शिकवलं नाही ती मी. तू मला शिकवणार? खेचरं सांभाळ." तो टोपी घालून निघून गेला. मग वाटलं, तोही मला सांभाळून घेतोय. माझा तोलच गेलाय, हे त्याला दिसलंय.

मी जात नाही. ज्या बाईला फुली सरळ दिसत नाही, तिनं जनावरावर बार काढू नये. जखमी होऊन कड्याआड मरायला लावायचं, हे मार्टिनच्या रायफलनं व्हायचं नाही. परवाना स्वयंपाकघरात भिंतीला लावलाय, तिथेच वाळू दे. तुला वाईट वाटेल, पण धक्का काय सुंदर गेला होता गं.

काकू


लुइस्टन, १ सप्टेंबर

काकू, काकू,

तुझे डोळे ठीक आहेत. तुझं डोकं ठीक आहे. तुझ्या आईचं आणि तुझं काहीही एक नाही. हे तीनदा वाच आणि मग पुढे वाच.

मी तुला लिहिलं होतं ना, दुर्बीण बसवताना एक बारीक गोष्ट सरळ केली? ती बारीक नव्हती. रायफल व्हाइसमध्ये धरली, पाणसळ ठेवली, समोर भिंतीवर ओळंबा सोडला आणि दुर्बिणीतून बघितलं. रायफल सरळ, ओळंब्याची दोरी सरळ, आणि काकाची फुली तिरकी. चांगलीच तिरकी. मी पुन्हा पुन्हा बघितलं. मार्टिन उरुतियाच्या हातून अशी चूक! डेल येताना दिसले तशी मी फडकं टाकून दुर्बीण झाकली. काकाची चूक कोणाला दिसू नये म्हणून सगळे जेवायला गेल्यावर एकटीनं ती सरळ केली आणि तुलाही सांगितलं नाही. मला वाटलं मी त्याचं नाव राखतेय.

आज तुझं पत्र वाचलं. कुंपणावर रेललेल्या गड्यासारखी. काकू, हार्लनकाका खोटं बोलत नाहीत. तू रायफल डावीकडे कलवून धरतेस. मला वाटतं तू कायमच तशी धरत आलीस. आणि काकानं ते पहिल्याच हिवाळ्यात बघितलं, तुला एका शब्दानं टोकलं नाही, आणि फुली तुझ्या हाताला जुळवून फिरवून बसवली. तू तुझ्यासारखी धरलीस की ती ओळंब्यात. म्हणून तुझी गोळी कधी डावीकडे गेली नाही. "जशी धरतेस तशीच धर" म्हणाला, ते यासाठी.

धुळीचंही तेच. मी ब्रेक रायफलला जुळवला. तुझ्या हातात रायफल कलली की डाव्या कुशीतली भोकं जमिनीकडे बघतात. सगळं जिथल्या तिथे बसवलं मी, फक्त धरणारी बाई सोडून.

शनिवारी हत्यारं घेऊन येतेय. परवाना भिंतीवरून काढ. हार्लनकाकांना बोलावून कॉफी दे.

इदोया


चॅलिस, १२ सप्टेंबर

लाडके इदोया,

तू गेलीस आणि घर एवढं गप्प झालं की मलासुद्धा ऐकू आलं.

समोर असताना मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. तू कोठाराच्या तुळईला ओळंबा बांधलास, मला डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगितलंस आणि म्हणालीस, "आता हलू नकोस, नीट धरायचा प्रयत्नसुद्धा करू नकोस." मग माझ्या गालापाशी वाकून, जीभ दातांत धरून, तू दुर्बीण हळूहळू फिरवायला लागलीस. तेव्हा मला काहीतरी आठवलं. त्या पहिल्या हिवाळ्यात, याच कोठारात, मार्टिननं मला असंच डोळे मिटून उभं केलं होतं. मला वाटलं लाडात आलाय. मी हसत होते आणि तो म्हणत होता, "हलू नकोस गं बाई." त्याचीही जीभ अशीच दातांत. एवढी वर्षं मी ती आठवण वेगळ्याच खणात ठेवली होती.

डोळे उघडले तर फुली दोरीवर बसली होती. जग परत जागेवर आलं. तू विचारलंस, "रडतेस?" मी धुळीचं कारण सांगितलं. धूळ नव्हती.

ब्रेकच्या खांद्याखाली तू जी पातळ चकती घातलीस आणि तो किंचित मागे फिरवून बसवलास, तो आता उघड्या डोळ्यांना तिरका दिसतो. हार्लन म्हणाला, "वाकडा बसलाय." मग मी रायफल खांद्याला लावली आणि त्याला म्हटलं, आता बघ. त्यानं मागून बघितलं, टोपी काढली. म्हणाला, शिकारीत तुझ्या मागे नेहमी मार्टिन असायचा, आम्हा कोणालाच तिथे उभं राहू देत नसे. आता कळलं का ते.

नदीपलीकडची पाटी वाजली. मला ऐकू आलं नाही, हार्लननं हात वर केला. धूळ उडाली नाही.

तू जाताना म्हणालीस, "मी काकाचं काम बिघडवलं." एकदा सांगते आणि पुन्हा सांगणार नाही. त्याच्या कामात काहीतरी वेगळं आहे, हे त्याच्या माघारी एवढ्या माणसांनी ती रायफल हाताळूनही कोणाला दिसलं नाही. तुला दिसलं. कारण नंतर कळलं, पण दिसलं तुला. बाकी मी तिरकी धरते वगैरे जे तुझं आणि हार्लनचं म्हणणं आहे, त्यावर मी अजून विचार करतेय. तो डोंगरच सरळ नाहीये.

काकू


चॅलिस, ५ ऑक्टोबर

लाडके इदोया,

मिळाला.

तीन दिवस वर होतो. डचेस या वेळी शहाण्यासारखी वागली. दोन दिवस नुसत्या माद्या आणि पोरं दिसली. तिसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या कड्यावर तो एकटा बसलेला, म्हातारा, शिंगं गालांवरून पूर्ण वळून आलेली, एका बाजूनं घासलेली. हार्लन दुर्बिणीतून बघून कुजबुजला असावा, मला नुसते त्याचे ओठ दिसले. लांब होता. सुटे दगड आणि वर बर्फाचा पापुद्रा. मी पालथी पडले. फुली ओळंब्यात होती. श्वास सोडला आणि मनात म्हटलं, जशी धरतेस तशीच धर.

बार काढल्यावर रायफल उडाली नाही, धूळ नाही, बर्फ नाही. म्हणून मला सगळं दिसलं. तो उभा राहिला, एक पाऊल टाकलं आणि बसला. त्याला पळावं लागलं नाही. यासाठी मी तुझी जन्मभराची ऋणी आहे.

कान दोघांचेही बंद. हार्लन तोंडाशी हात धरून मला काहीतरी ओरडून विचारत होता. मी 'हो' म्हटलं. खाली आल्यावर कळलं, की तो विचारत होता, तुझी पुतणी माझ्या रायफललाही ब्रेक बसवून देईल का, आणि नातीच्याही. तर ती दोन कामं येताहेत. त्याच्या पाठीमागे उभी राहून आधी नीट बघ. तोही कुठेतरी कलत असणारच.

मांस खाली आणल्यावर शिंगं मोजून नोंद करून घ्यायला गावात गेलो. मोजणारा तरुण होता, चुणचुणीत. शिंगांना सूत लावलं, वय काढलं, खूण ठोकली. मग त्याची नजर रायफलवर गेली. उचलून डोळ्यासमोर धरली, वळवली आणि जरा संकोचून म्हणाला, "बाई, राग मानू नका, पण ब्रेक तिरका बसलाय. दुर्बीणसुद्धा. कोणी बसवलंय हे?"

हार्लन खाकरला. मी तोंड उघडलं, तोच तो मुलगा म्हणाला, "हवं तर मी सरळ करून देतो, फुकट."

मी रायफल त्याच्या हातातून काढून घेतली.

"हात लावायचा नाही," मी म्हटलं. "दुर्बीण माझ्या नवऱ्यानं तिरकी बसवली. ब्रेक माझ्या पुतणीनं. दोघांनीही मला बघून बसवलंय."  मग मी त्याला विचारलं, की वहीत शिकार करणाऱ्याचं नाव आहे तसं रायफल बनवणाऱ्याचंही लिहायची सोय आहे का. म्हणाला, नाही, तसा रकाना नसतो.

"मग समासात लिही," मी म्हटलं. "मार्टिन आणि इदोया उरुतिया. आडनाव नीट लिही."

त्यानं लिहिलं. मी चष्मा लावून, वाकून, दोन्ही नावं वाचून घेतली आणि मगच निघाले.

मेंढ्याची तंगडी मीठ लावून टांगलीय. ब्रेडचं पीठ भिजवलंय. डेलना घेऊन ये.

तुझी तिरकी काकू
ग्रासियाना